भाकरतुकडा

सिनेमाचा शेवट गोड व्हावा हे मीच लिहिलं होतं, त्यामुळं तक्रार करायला मला तोंड नव्हतं. सिनेमाचं नाव ‘दोघींचा पाडवा’. दिवाळीच्या सुट्टीत एक मुलगी आपल्या जोडीदारणीला गावी घेऊन येते, घरचे तिला मैत्रीण समजून तिच्यासाठी उत्साहानं स्थळं बघायला लागतात, व्हायचा तो सगळा गोंधळ होतो आणि शेवटी आई दोघींना उंबऱ्यावर ओवाळून घरात घेते. गोंधळ माझा आणि रेश्माचा, अगदी स्थळांसकट. शेवट तेवढा मनाचा.

खरा शेवट असा होता की शेवट झालाच नव्हता. रेश्मा आणि मी पुण्यात एकत्र राहतो, आम्ही एकमेकींच्या आहोत, हे मी गावी, रिह्याला, येऊन आईला सरळ सांगितलं होतं. आई म्हणाली, “बरं,” आणि तांदूळ पाखडायला बसली. त्यानंतर रेश्मा कितीतरी वेळा घरी आली. आई तिला कधी वाकडा शब्द बोलली नाही. चहा मात्र आम्हाला स्टीलच्या पेल्यात आणि रेश्माला फुलाफुलांच्या कपबशीत. शेजारच्या कुणी विचारलं, की आईचं उत्तर ठरलेलं. “पाव्हणी हाय, वृषालीसंगं आलीय.” भांडली असती तर मीही कडाकडा भांडले असते. पण कपबशीशी भांडायचं कसं? मला त्या कपबशीचा इतका राग यायचा की ती हातून पडावी म्हणून मी दोनदा प्रयत्नही केला. चांगल्या दणकट मातीची निघाली.

आमचा दिग्दर्शक शेखर घर शोधत मुळशीभर फिरला आणि त्याला पसंत पडलं ते आमचंच. मी नाही म्हणायच्या आत माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हो म्हटलेलं होतं. शूटिंगला ते रोज इस्त्रीचा सदरा घालून खुर्ची टाकून बसायचे आणि पहिल्या दिवशी त्यांनी शेखरला एकच प्रश्न विचारला, “हिरो कवा येनार?” रेश्मा सिनेमाची सहायक दिग्दर्शक. तिनंच त्यांना समजावलं की ह्यात हिरो नाही, दोन हिरॉइनी आहेत. अण्णा विचार करून म्हणाले, “मग मारामारी न्हाई म्हना की.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर फिरकली नाही. पण कान तिथंच होते. आईचं काम करणाऱ्या नटीनं माझं लांबलचक भाषण पाठ करून म्हटलं, तेव्हा आई मला एवढंच बोलली, “ती आई लई बोलती.” मला ते लागलं. म्हटलं, तू तर काहीच बोलत नाहीस, म्हणून तर मला लिहावं लागलं. हे अर्थात मनातल्या मनात.

उंबऱ्याचा प्रसंग शेवटच्या दिवशी ठेवला होता, आणि नेमकी ती नटी हिंजवडीच्या गर्दीत अडकली. ऊन उतरायला लागलं. कापणीला आलेल्या भातावर जो पिवळा उजेड पडला होता, तो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणार नव्हता. शेखर थेट स्वयंपाकघरात गेला. “काकू, नुसते हात दिसतील. चेहरा नाही. पाठमोऱ्या त्या दोघी आणि तुमचे हात.”

ती नाही म्हणणार याची मला खात्री होती. आईनं पदराला हात पुसले. “काय करायचं ते सांगा.”

शेखरनं पितळी ताट दाखवलं. आईनं ते बाजूला सारलं. “ताट पाव्हन्यांना. सुनंला घरात घ्यायची तर भाकरतुकडा लागतो.” मला हे माहीत नव्हतं असं नाही. दिवा कॅमेऱ्यात छान दिसतो म्हणून मी ताट लिहिलं होतं. आई आत जाऊन तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

नट्या अजून मेकअपला बसल्या होत्या. उजेड बघायचा म्हणून कॅमेरामननं हाताशी होत्या त्या दोघींना उभं केलं, म्हणजे मला आणि रेश्माला. जरीवर ऊन कसं पडतं ते त्याला बघायचं होतं, म्हणून त्या प्रसंगाच्या साड्यांचा जादा जोड आम्ही गुंडाळला. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलो. रेश्माला साडीत चालता येत नाही, ती माझा दंड धरून होती.

“काकू, ही फक्त तालीम,” शेखर म्हणाला.

आईनं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं तुकडा आमच्यावरून ओवाळला, माझ्यावरून, मग रेश्मावरून, मग दोघींवरून एकत्र. दूर अंगणात भिरकावून दिला. तांब्यात बोटं बुडवून माझ्या डोळ्यांना पाणी लावलं. मग रेश्माच्या. तिचा हात रेश्माच्या गालावर जरा थांबला. उरलेलं पाणी आमच्या पायांवर ओतून ती बाजूला झाली.

“या आत. उजवं पाऊल आदी.”

रेश्मा हमसून हमसून रडत होती. आम्ही आत गेलो.

शेखर भानावर आला. नट्या तयार होऊन आल्या होत्या. “काकू, फार सुंदर. आता हेच ह्या दोघींबरोबर करू.”

“झालं की,” आई म्हणाली.

“ती तालीम होती, काकू.”

“भाकरतुकडा खोटा खोटा ओवाळत न्हाईत. त्या पोरी लोकाच्या हायेत, त्यांच्या आया ओवाळतील. माज्या दोगी घरात आल्या.” आणि तिनं तांब्या पालथा घातला. अण्णा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले आणि सगळं युनिट त्यांच्या मागोमाग.

शेखर डोकं धरून बसला. तेव्हा कॅमेरामन घसा खाकरून म्हणाला, “मी चालूच ठेवला होता.”

त्या संध्याकाळी चहा स्टीलच्या पेल्यांत आला, रेश्मालाही. कपबशी शेखरला मिळाली. रेश्मानं पेला रिकामा करायच्या आत आईनं तिला पीठ मळायला बसवलं आणि तिच्या भाकरीचा आकार बघून काय काय ऐकवलं. एवढ्या शिव्या खाऊन एवढं खूश झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

सिनेमा ह्या दिवाळीत लागला. पुण्यात थिएटर भरलेलं होतं. आई माझ्या आणि रेश्माच्या मधे बसली होती, नवीन साडीत. माझं भाषण शेखरनं कापून टाकलं होतं आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. उंबऱ्याचा प्रसंग आला. तुकडा अंगणात पडला, पडद्यावरच्या दोघी आत गेल्या आणि टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्या खुर्चीतली अनोळखी बाई डोळे पुसत आईला म्हणाली, “किती गोड दिसतात नाही दोघी?”

आईनं पडद्याकडे बोट केलं. तिचा आवाज शेतातला, तीन रांगांनी तरी ऐकला.

“ती पाठ माज्या लेकीची हाय,” ती म्हणाली. “आन् शेजारची माज्या सुनंची.”