ताटलीत बसलेल्या दीर्घिका

संशोधन केंद्रात तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. सिद्धान्तानुसार, आपल्या आकाशगंगेशेजारच्या एका मोठ्या दीर्घिकेभोवती छोट्या दीर्घिका चहूबाजूंना विखुरलेल्या असायला हव्यात. त्या मात्र ताटलीत मांडल्यासारख्या एका पातळीत दिसत. संगणकात घडवलेल्या विश्वांत असं कुठे होतं का, हे शोधणं ताईचं काम.

होत नाही, म्हणून सिद्धान्तच कुठेतरी चुकतोय, हे तिच्या सरांनी उभी हयात ठासून सांगितलं होतं.

एका दुपारी तिला तशीच मांडणी सापडली. पुन्हा पुन्हा तपासून तिने नवऱ्याला फोन केला. तो दातांचा डॉक्टर.

"सापडलं."

"मग आवाज असा का? दाढ दुखतेय?"

"सरांना सांगायचंय."

सरांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. रागावले नाहीत. "काळ पुढे सरकवून बघ," एवढंच म्हणाले.

तिने सरकवला. ताटली हळूहळू विस्कटली, छोट्या दीर्घिका आपापल्या वाटेने पांगल्या. मांडणी निव्वळ योगायोगाची होती.

"बघ," सर म्हणाले, "कुठे जुळतंय?"

"पण सर, आकाशातली तरी टिकणारी आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक आहे?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग लिहिणार काय?"

"दोन्ही. सापडते, पण टिकत नाही. आकाशातलीचं काय, ते गती मोजल्यावर कळेल."

"म्हणजे तळ्यात-मळ्यात."

"हो."

सरांनी शोधनिबंधावर आपलं नाव घालू दिलं नाही. ते तिला लागलं. पण तिने निबंध जसाच्या तसा धाडला. पुढे जिन्यात भेट झाली की दोघं हवापाण्याचं बोलत.

गतीची मोजमापं यायला काही वर्षं गेली, तोवर सर निवृत्त झाले होते. बऱ्याच छोट्या दीर्घिका पातळीतच फिरत होत्या. काही मात्र पातळी सोडून सरळ आडव्या निघाल्या होत्या. म्हणजे ताटली अर्धी खरी, अर्धी दिसण्यापुरती.

आठवड्याभराने सरांचाच फोन आला.

"त्या आडव्या निघालेल्यांचं गणित कुणी करतंय का?"

"अजून नाही."

"मग मी करतो. पण निष्कर्ष आधी ठरवायचा नाही."

"मी कधी ठरवला होता, सर?"

"तू नाही. मी स्वतःलाच बजावतोय."

सोमवारी ते आले. नव्या निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदावरून दोघांचं वाजलं, आणि जेवायची सुट्टी टळून गेली.