टाकीखालची टिक

"दाब," मिस्त्री म्हणाले.

त्यांच्या मुलीने दुचाकीच्या सेल्फचं बटण दाबलं. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. ती खूश व्हायला हवी होती, पण तिचे डोळे भरून आले.

"बघा. इथे आली की कशी शहाण्यासारखी वागते! आता तुम्हीही म्हणा, तूच काहीतरी करतेस."

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि नजर चुकवून फडक्याला हात पुसले, कारण ते तसं आधीच म्हणून बसले होते. गेल्या वेळी आणि त्याच्या आधीच्या वेळीही. चावी चालू ठेवून जातेस, लक्ष कुठे असतं तुझं, असं.

खरं तर मिस्त्रींचं सगळं निदान कानावर चालायचं. बटण दाबल्यावर टकटकटक वाजलं आणि पुढचा दिवा मंदावला, तर बॅटरी उतरली. दिवा लख्ख, पण एकच जाड टक ऐकू आला, तर बॅटरी बिचारी निर्दोष, सेल्फची मोटर अडकलेली. पान्याच्या दांड्याने तिला दोन हलके ठोके दिले की ती घटकाभर जागी होते आणि आपलं दुखणं आपणच सांगते. आणखी एक नियम होता. जो गाडी चालवतो त्यालाच विचारायचं. दुसऱ्याची गाडी घेऊन कुणी आला की ते त्याला हाकलून देत, "पेशंटचा मेव्हणा नको, पेशंटला पाठव!" गल्लीभर लोक हे वाक्य त्यांची नक्कल करून म्हणायचे.

हा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला होता, तो जावयांसाठी. जावई बोलायला गोड, आणि मुलगी लग्नानंतर मुळातच कमी बोलू लागलेली. "बॅटरीच आहे बाबा, हिच्या विसराळूपणामुळे उतरते," असं जावयांनी फोनवर सांगितलं आणि मिस्त्रींनी बॅटरी बदलून टाकली. काढलेली बॅटरी नंतर तपासली, तर ठणठणीत निघाली. त्यांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. पण जावई खोटं कशाला बोलतील, म्हणून त्यांनी ती बॅटरी टेबलाखाली सरकवली आणि विषय सोडून दिला.

"बस इथे," त्यांनी स्टूल पुढे केलं. "आता तू सांग. बंद पडते तेव्हा आवाज कसा येतो?"

"येतच नाही. टक नाही, टकटक नाही. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, बटण मेलेलं."

"कुठे बंद पडते?"

ती विचार करू लागली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"नोकरीच्या मुलाखतीला गेले होते, तिथे. मैत्रिणीच्या दारात. आणि इथे यायला निघाले की वाटेत, पेट्रोल भरायला थांबले तेव्हा. दोनदा. मग मी तशीच घरी गेले."

"गाडी ढकलत?"

"नाही हो. हे येतात ना. कुठेही असले तरी बरोबर येतात. एकदा बटण दाबतात, लगेच चालू होते. मग म्हणतात, गाडीलाही कळतं कोण धड आहे ते."

माणूस बघून सुरू होणारी मोटर मिस्त्रींनी अजून पाहिली नव्हती.

टेबलावर तिचा फोन थरथरला. तिने बघितलं आणि तो पालथा घातला. "निघालीस का, म्हणून विचारतायत. सांगते नंतर."

फोन आणखी दोनदा थरथरला. मग दुकानात शांतता पसरली. आणि त्या शांततेत, पेट्रोलच्या टाकीखाली, बारीकशी टिक झाली. त्या जागी टिक करील असं काही नसतंच.

"दाब," मिस्त्री हळूच म्हणाले.

तिने चावी फिरवून बटण दाबलं. दिवा लख्ख. हॉर्न खणखणीत. सेल्फ मुकाट.

त्यांनी सीट काढली, टाकी उचलली. मुख्य वायरींच्या जुडग्यामागे काडेपेटीएवढी काळी डबी चिकटवलेली होती. बटणाची वायर मधून कापून तिच्यातून फिरवली होती. हिरवा दिवा मिचमिचत होता. अशा डब्या मिस्त्रींनी स्वतः बसवल्या होत्या, चोरीच्या भीतीने लोक बसवून घेत. गाडी कुठे आहे ते फोनवर दिसायचं आणि फोनवरूनच ती जागच्या जागी बंद पाडता यायची. काम मात्र स्वच्छ होतं, कुणीतरी सवडीने, मन लावून केलेलं.

त्यांनी डबी मुलीला दाखवली आणि ती काय करते ते सांगितलं.

"रात्री उठून उठून चावी बघत होते मी, बाबा," ती म्हणाली. "काढली की नाही म्हणून. मला डॉक्टरकडे न्यायचं चाललं होतं. मलाही वाटायला लागलं होतं, आपलं डोकं ठिकाणावर नाही."

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाले. "पेशंट सोडून भलत्यालाच विचारलं मी."

आता त्यांचा स्वतःचा फोन वाजला.

"बाबा, गाडी परत बंद पडली ना? तिला तिथेच थांबवा. मी निघालोय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

पलीकडून हसणं आलं. "नेहमीचंच आहे की हो. बॅटरीच असणार."

"हो," मिस्त्री म्हणाले. "बॅटरीच असणार. या सावकाश."

फोन ठेवून त्यांनी पक्कड उचलली. त्यांनी टेबलाखालची जुनी बॅटरी ओढून घेतली. डबी सोडवून तिच्यावर जोडली, बटणाची वायर पुन्हा सरळ जोडली, टाकी आणि सीट बसवली. हिरवा दिवा आता टेबलावर मिचमिचू लागला. जावयांच्या फोनवर गाडी अजून दुकानातच उभी होती.

"आत्याकडे जा. वाटेत थांबू नकोस. फोन इथेच राहू दे."

तिने फोन डबीशेजारी ठेवला. "आणि तुम्ही?"

"मला बॅटरी तपासायचीय."

तिने बटणावर अंगठा ठेवला आणि थबकली. मिस्त्रींनी यावेळी 'दाब' म्हटलं नाही. तिचं तिनेच दाबलं. इंजिन सुरू झालं. आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग रहदारीत मिसळून गेला, तरी ते कान देऊन उभे राहिले.

मग त्यांनी शटर पूर्ण वर केलं, रस्त्यावरून सगळं दिसेल असं. हात साबणाने धुतले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि स्टूल दाराच्या मधोमध ओढून बसले. मागे टेबलावर पालथा पडलेला फोन पुन्हा थरथरायला लागला.