दोन पळ्या आमटी

मी पळी. डिलाईल रोडच्या चाळीत सुभद्राबाईंची खानावळ आहे, तिथली आमटीची पितळी पळी. पळीने बोलावं की नाही, मला ठाऊक नाही. पण इतकी वर्षं आमटी वाढतेय, तर चार शब्दही वाढून बघते. कमी पडले तर सांभाळून घ्या. कमी वाढल्याचा डाग माझ्यावर आहेच.

तांबाकाट्याच्या भांडीबाजारातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि पोट चांगलं खोल काढलं. सुभद्राबाईंनी दुकानातल्या सगळ्या पळ्या हाताळल्या आणि मला उचलून म्हणाल्या, "ही लेकुरवाळी दिसते." तेव्हापासून मी स्वतःला आईच समजत आले. आणि आईपण म्हणजे काय, तर सदा धास्ती. सगळ्यांना पुरेल ना? ह्याला नुसतं पाणी गेलं का? त्याला तळातलं जास्त गेलं का? पळीला एवढी काळजी शोभत नाही, पण स्वभावाला औषध नाही.

खानावळीत बारा माणसं जेवायची. सगळी गिरणीतली, बायकामुलं कोकणात ठेवून आलेली. चपात्या मोजून, भात एकदा आणि आमटी दोन पळ्या. दोन म्हणजे दोनच, पण काठोकाठ. मासळी रविवारी मिळाली तर मिळाली. एरवी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, दिवसभर उभं राहायचं बळ त्या दोन पळ्यांतच असायचं.

त्यांतला शिवा सगळ्यांत जुना आणि जिभेने तिखट. म्हणायचा, "मावशी, गावची बायको विचारते, मुंबईत तुमच्या पोटाकडं बघतं कोण? मी तुझ्या पळीचं नाव सांगतो. बायको तिच्यावर जळते!"

साल छप्पन्न उजाडलं. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे म्हणत लोक रस्त्यावर उतरले. सुभद्राबाईंचा मुलगा चिंतामणी सत्याग्रहात पकडला गेला आणि तुरुंगात जाऊन बसला. हरताळाला गिरण्या बंद, पगार कापलेले, डाळ महागलेली. मुंबई मिळायला माझी काहीच हरकत नव्हती. फक्त आमटीत पाणी वाढत चाललं.

घरात उरल्या सुभद्राबाई, सून शकू आणि शकूची तीन महिन्यांची मुलगी. शकू सातवी पास. प्रसूतिगृहातल्या नर्सबाईने तिला एक कागद दिला होता: आईने रोज दूध, अंडी, पालेभाजी आणि डाळ भरपूर खावी. शकूने तो फडताळाच्या दाराला चिकटवला होता. चपात्या लाटताना वाचायची आणि म्हणायची, "आई, हा कागदच उकळून प्यावा का हो?"

एके दुपारी ती मुलीला घेऊन वाण्याकडे गेली आणि तिला चक्क तराजूच्या पारड्यात ठेवून आली. परतली ती पांढरीफटक होऊन. "आई, महिन्यापूर्वी भरली होती तेवढीच भरली. गुंजभर वाढ नाही. मला दूधच पुरेसं येत नाही. माझंच काहीतरी चुकतंय."

"तुझं काय चुकतंय?" सुभद्राबाई म्हणाल्या. "बारा पानं वाढून झाल्यावर टोपात उरतं काय तुझ्यासाठी?"

शकू मुलीला निजवायला गेली. सुभद्राबाईंनी मला पाट्यावर पालथी घातली आणि वरवंटा उचलला. "रडू नको गो बाय," एवढंच मला म्हणाल्या. ठक, ठक, ठक.

शेजारच्या कमलाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय कुटतेस गो?"

"खोबरं."

माझं पोट बसलं. त्या संध्याकाळपासून दोन पळ्या दोनच राहिल्या, पण दर ताटात थोडी आमटी कमी पडू लागली. बारा ताटांची ती कसर टोपात राहायची आणि शकूच्या वाडग्यात जायची. दाट, तळातली. शकूला वाटलं, सासूने कुठून तरी स्वस्त डाळ मिळवली. मुलीच्या गालांवर मांस धरलं. तिचं रडणं खणखणीत झालं.

मला मात्र खिळ्याला लटकल्या लटकल्या एकच गोष्ट खायची. हे वाढणं म्हणायचं की चोरणं? कोंडीराम म्हणून एक उंच, हाडकुळा माणूस होता. तो ताट बोटाने पुसून खायचा. त्याच्या पुढ्यात रिकामी होताना तोंड लपवावंसं वाटे, पण पळीने तोंड लपवायचं कुठे?

पंधरा दिवसांनी कोंडीराम साच्यापाशी घेरी येऊन खाली बसला. शिवाने त्याला धरून आणलं आणि पानावर बसवलं. सुभद्राबाई वाढत होत्या. शिवाने त्यांच्या हातातून मला काढून घेतलं आणि माझ्या पोटावरून अंगठा फिरवला.

"मावशी, हिचं पोट कुठं गेलं?"

"मोरीत पडली."

"मोरीत पडली तर एका बाजूला पोचा येतो. ही चारी बाजूंनी सारखी बसलीय. कारागिराचं काम हाय हे."

कोणी हसलं नाही. पलीकडच्याच चाळीत दुसरी खानावळ होती. बारा माणसं तिकडे गेली असती, तर ह्या घरची चूल त्याच दिवशी विझली असती.

शकू दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे. तिला सगळं कळलं. ती आत गेली, आपला झाकून ठेवलेला वाडगा आणला आणि कोंडीरामपुढे ठेवला. "हे तुमचं आहे, भाऊ. मला ठाऊक नव्हतं."

कोंडीराम वाडग्याकडे बघत राहिला. भूक होती त्याला. डोळ्यांत दिसत होती. मग त्याने वाडगा दोन्ही हातांनी मागे सरकवला. "वैनी, माझी बायकोपण गावाला ओली बाळंतीण हाय. तिला तिथं तळातलं कोण वाढतंय, मला काय ठाऊक? तुम्ही जेवा."

शिवाने मला टोपात सोडलं. "मावशी, चोरून कशाला काढतेस? सांगून काढ. आधी बाळंतिणीचं, मग आमचं. आणि ह्या लांबड्याला बरा होईपर्यंत माझ्यातली एक पळी."

"तुझी मी घेणार नाय," कोंडीराम म्हणाला.

"गप रे! तू आडवा झालास तर तुझा साचा कोण, तुझा बाप बघणार?"

तेव्हा कुठे माणसं हसली.

त्या दिवशी शकू सगळ्यांच्या आधी जेवायला बसली. आत, भिंतीकडे तोंड करून, चोरट्यासारखी. मग माणसं जेवून गेली. सुभद्राबाई टोप पुढ्यात घेऊन बसल्या आणि मला तळाशी फिरवू लागल्या. खर्र, खर्र. रोजच फिरवायच्या. मला आपलं वाटायचं, टोप स्वच्छ करतात. बारा ताटांची काळजी वाहणारी मी, पण ज्या हातात मी होते, त्या हाताचं पोट भरलं का, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"आई, तुमचं जेवण?" शकूने विचारलं.

"मला काय लागतंय? चव बघता बघताच माझं भरतं."

"चवीनं पोट भरतं होय?" शकूने मला त्यांच्या हातातून घेतलं. "उद्यापासून दोघींचं आधी काढायचं."

"अगो, माणसं काय म्हणतील?"

"सांगून काढायचं ठरलंय ना?"

आता चिंतामणी सुटून आलाय. मुलगी चालायला लागलीय आणि मला घेऊन पातेली बडवते. कोंडीरामच्या अंगावर मात्र अजून मूठभरही मांस चढलेलं नाही. डाळ महागच आहे, त्यामुळे मला ठोकून पुन्हा खोल करायचं कोणी मनावर घेत नाही. मी चेपलेलीच वाढते, आणि पुरेल ना, ही धास्ती तशीच आहे.

तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल. जेवता जेवता ती टोपाचा तळ खरवडताना ऐकू आली, तर हातचा घास खाली ठेवा आणि आत जाऊन बघा, टोपाशी कोण बसलंय.