खांब धरणाऱ्याचा शब्द

मित्रांनो, दमलोय मी. मी एक जुना अरबी शब्द आहे, नाव ‘दखील’. मूळ अर्थ साधाच, आत आलेला. तुमच्याकडचे ‘दाखल’ आणि ‘दखल’ माझ्याच घराण्यातले. कचेरीत बसून त्यांचं बरं चाललंय. मी मात्र वाळवंटात राबलो. जीव वाचवत पळणारा माणूस दिसेल त्या तंबूत शिरायचा, मधला खांब धरायचा आणि म्हणायचा, “मी तुमचा दखील!” मग त्याच्या जिवाची जबाबदारी त्या घराची.

आणि हल्ली? “दखील तुझा, जरा मीठ दे.” “दखील तुझा, भाव कमी कर.” दिवसभर नुसती हमाली! अंग दुखतं हो.

एक दुपार मात्र विसरत नाही. पाण्याच्या टँकरखाली नायिफ नावाचा तरुण सापडला आणि जागीच गेला. टँकर चालवणारा हवास घाबरून पळाला. मागे नायिफचे मामा, बंदुका घेऊन. धुळीत पहिला दिसला तो तंबू हवासने गाठला, खांबाला मिठी मारली आणि मला हाक दिली. तंबू नेमका नायिफच्या आईचा, वदहाचा. तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात तिचे भाऊ दारात आले.

“वदहा, सरक बाजूला! तुझ्या नायिफला मारून आलाय हा!”

ती मटकन खाली बसली. मला वाटलं, संपलो आता, हवासही आणि मीही. मग ती उठली आणि मध्ये उभी राहिली.

“खांब धरलाय त्याने.”

“अगं, पण तुझा पोरगा...”

“माझाच होता ना? मग मला काय सांगता! बंदुका बाहेर ठेवा आणि मला रडू द्या.”

हवास अजून खांबाला बिलगून होता. तिने नायिफचा अंगरखा त्याच्या खांद्यावर टाकला आणि मग हंबरडा फोडला.

पुढे जाणत्यांनी बसून वैर मिटवलं. वदहा आता सिमेंटच्या घरात राहते. हवास तिची टाकी सगळ्यांच्या आधी भरतो. ती त्याच्याशी बोलत नाही, पण उंबऱ्यावर त्याचा चहा ठेवलेला असतो.

परवा तिची धाकटी सून सहज म्हणाली, “दखील तुमची, साखर द्या ना.”

म्हातारी म्हणाली, “साखर हवी तर साखर माग, बाई. त्या शब्दाला कशाला उठवतेस?”

मित्रांनो, तुमच्या भाषेतही माझ्यासारखे थकलेले शब्द असतील. त्यांना मिठासाखरेसाठी पिटाळू नका. उद्या कुणी खरंच खांब धरून हाक मारली, तर धावत जाण्याइतकं बळ तरी आमच्यात राहू द्या.