साधी आरास

आमच्याकडं महालक्ष्म्या भाद्रपदात बसतात, पण घर आषाढातच विस्कटायला लागतं. आधी दिवाणातनं ब्लाउजपीस बाहेर पडतात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ब्लाउजपीस हे ब्लाउज शिवण्यासाठी नसतं. ते ओटीत घालण्यासाठी असतं. ज्या बाईच्या ओटीत ते पडतं ती ते पुढच्या बाईच्या ओटीत घालते, आणि असं ते फिरत राहतं. धाराशिवात अशी काही ब्लाउजपीसं आहेत, ज्यांनी माझ्यापेक्षा जास्त घरं आतून पाहिलीत. आमच्या घरी मात्र त्यांचा प्रवास संपतो, कारण माझी बायको दैवशाला त्यांची कमळं करते.

कमळं, तोरणं, झालरी, पोपट, लक्ष्म्यांच्या मागचा पडदा. मशीन हॉलमध्ये येतं आणि आम्ही स्वयंपाकघरात जेवायला लागतो. मी कापूस भरतो. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. दुपारी मुलांना मूलभूत हक्क सांगून येतो आणि संध्याकाळी पोपटाच्या पोटात कापूस कोंबतो.

"शेपटीकडं दाबून भरा," दैवशाला मशीनवरनं मान न उचलता म्हणते. "न्हायतर मान टाकतोय."

मान टाकण्याबद्दल तिला सगळं माहीत आहे. तिच्या मानेला दरवर्षी पोळ्याच्या सुमाराला पट्टा लागतो.

आता ही आरास एवढी का वाढली, तर आमच्या घरात एकदा झालेली गोष्ट पुन्हा करावीच लागते. एका वर्षी उंदरांनी लक्ष्म्यांवर टांगलेल्या फुलोऱ्यातल्या करंज्या खाल्ल्या. ऐनवेळी तळायला वेळ नव्हता, म्हणून दैवशालानं पिवळ्या ब्लाउजपीसाच्या करंज्या शिवून टांगल्या. लांबून बऱ्या दिसल्या. पुढच्या वर्षी तिनं खऱ्या तळल्या तर माझी आई, द्वारकाबाई, कढईजवळ येऊन उभी राहिली.

"आपल्यात कापडाच्या लागतेत," आई म्हणाली.

"कवापासनं, आत्या?"

"पयल्यापासनं."

तेव्हापासून खऱ्याही होतात आणि कापडाच्याही होतात. पोपट असेच आले. कमळंही अशीच आली. आरास बघायला गल्लीतल्या बाया येऊ लागल्या, मग पलीकडच्या कॉलनीतल्या, मग कुणाच्या तरी नणंदा. पूजनाच्या दिवशी संध्याकाळी दारात एवढ्या चपला असतात की मला माझी सापडत नाही.

या वर्षी आषाढात दिवाण उघडायच्या आधीच बेंबळीहून फोन आला. बेंबळी हे दैवशालाचं माहेर. सासूबाई, म्हणजे कमलबाई, फोनवर मोठ्यानं बोलतात, त्यामुळं मलाही सगळं ऐकू आलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. गुडघे तर कधीच गेलेत. आता होत नाही. पुढच्या वर्षीपासून लक्ष्म्या पुतण्याकडं, रामहरीकडं, लातूरला फ्लॅटवर जाणार. बेंबळीत हे शेवटचं साल.

फोन ठेवून दैवशाला दिवाणावर बसली. मग म्हणाली, "लग्न झाल्यापासनं म्या मायच्या लक्ष्म्या बघितल्या न्हाईत."

मी म्हणालो, "असं कसं?"

म्हटलं आणि मलाच कळलं की असंच आहे. बेंबळी आमच्या घरापासून मोटारसायकलवर अर्ध्या-पाऊण तासावर. आमच्या जिल्ह्यात माणसं चहा प्यायला याहून लांब जातात. पण लक्ष्म्या सगळीकडं त्याच तीन दिवसांत बसतात. सासरी लक्ष्म्या असलेल्या बाईला माहेरच्या लक्ष्म्या दिसायच्या म्हणजे एक तर सुतक पडायला पाहिजे, नाहीतर सासर बुडायला. दैवशालाचं लग्न होऊन बावीस वर्षं झाली. तिचं सासर काही बुडालं नाही.

"फोटो मागवू की रामहरीकडनं," मी म्हणालो.

"दर साली येतोय फोटो. त्यात रामहरीच असतोय."

"व्हिडिओ कॉल?"

"त्यात मायचं कपाळ दिसतं."

माझ्याकडचे उपाय संपले. दैवशालानं मात्र दोन-चार दिवसांत तिचा उपाय काढला. पूजनाच्या दिवशी महानैवेद्य, जेवणं, सगळं चार-पाचपर्यंत उरकतं. त्यानंतर आवरून निघालं तर उजेड असेपर्यंत बेंबळीत. अडचण एकच, हळदीकुंकू. बाया नऊपर्यंत येत राहतात, आणि येणाऱ्या बाईला कुंकू लावायला घरची सवाष्ण लागते.

"बाया कशाला येतेत? आरास बघायला," दैवशाला म्हणाली. "आरासच न्हाय केली तर कशाला येतील? चार शेजारणी येतील, लावून जातील."

मी वर्गात बहिष्काराचं अस्त्र शिकवतो, पण इतकं स्वच्छ उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं.

आईला सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी ते आठवडाभर टाळलं. शेवटी दैवशालानंच चहा देताना सांगितलं.

"आत्या, यंदा साधी आरास करू. एक पडदा अन् झेंडूचं तोरण. सांजच्याला मायच्या लक्ष्म्या बघून येताव."

आईनं कपातला चहा बशीत ओतला. "अन् कापडाच्या करंज्या?"

"नुसत्या तळलेल्या टांगू."

"उंदरं?"

"उंदरांनाबी सण हाय, आत्या."

आई काही बोलली नाही. आई काही बोलली नाही म्हणजे तिला पटलं असंही नसतं आणि पटलं नाही असंही नसतं. या एका गोष्टीवर आमचं घर टिकून आहे.

आषाढ रिकामा गेला, श्रावणही गेला. हॉलमध्ये हॉल होता. दैवशाला दुपारी झोपायची. संध्याकाळी मी कॉलेजातनं आलो की हातांना काय करावं ते कळायचं नाही. एकदा नकळत उशीच्या कोपऱ्यातला कापूस नीट दाबून बसवला.

पूजनाचा दिवस आला. मागं एक हिरवा पडदा, खाली जुन्या साडीच्या काठाची झालर, वर झेंडू, दोन्हीकडं समया. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत लक्ष्म्या मला पहिल्यांदाच नीट दिसल्या. एरवी त्या पोपटांच्या पलीकडं कुठंतरी असायच्या. नैवेद्य झाला, पंगत उठली, दैवशालानं तोंड धुऊन चांगली साडी नेसली. मी मोटारसायकल पुसून दारात लावली. आई मागच्या खोलीत गेली. बाबा गेल्यापासून हळदीकुंकवाच्या वेळी ती तिथंच बसते. तिला तसं कुणी सांगितलं नाही. बस नको असंही कुणी सांगितलं नाही.

सगळ्यात आधी पलीकडच्या घरातल्या महेश्वरीवहिनी आल्या. दारातच थांबल्या. पडद्याकडं बघितलं, दैवशालाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वैनी," त्यांनी आवाज खाली घेतला. "सगळं बरं हाय ना?"

"बरं हाय की. का वो?"

"न्हाय, तब्येत-बिब्येत?"

"तब्येत चांगली हाय."

"सरांचं कॉलेज?"

"चालू हाय."

"मग बरं हाय," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा यावर काडीचाही विश्वास बसला नाही हे त्यांच्या पाठीवरनंही दिसत होतं. त्या कुंकू लावून घरी गेल्या नाहीत, समोरच्या घरात गेल्या.

अर्ध्या तासात दारात चपलांचा ढीग लागला. दोन-दोन वर्षं न आलेल्या बाया आल्या. आरास बघायला जेवढ्या येत होत्या त्यापेक्षा आरास का नाही ते बघायला जास्त आल्या. सगळ्यांनी प्रसाद हळू आवाजात घेतला. एकीनं दैवशालाचा हात हातात धरला आणि सोडलाच नाही. एकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, सगळ्यांच्याच घरात चढउतार असतेत." मी हो म्हणालो.

मग मदत सुरू झाली. कुणाच्या घरनं लायटिंगची माळ आली. कुणी बल्बचा प्लास्टिकचा मोर आणून थोरल्या लक्ष्मीच्या पायाशी ठेवला. महेश्वरीवहिनींनी स्वतःच्या लक्ष्म्यांवरची एक जास्तीची झालर सोडून आणली आणि खुर्चीवर चढून आमच्या पडद्याला पिना मारायला लागल्या.

"राहू द्या वो," दैवशाला म्हणत होती. तिच्या हातात कुंकवाची ताटली आणि नजर घड्याळावर.

"अवो, शेजारी कशाला असतेत मग?" वहिनी खुर्चीवरनं म्हणाल्या.

साडेसहा झाले. मोर लुकलुकत होता. दैवशाला एकामागून एक कपाळाला बोट लावत होती, आणि दर कपाळामागं तिचा चेहरा जरा जास्त रिकामा होत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "सात वाजता तरी निघू."

"आता कसलं निघताव?" ती म्हणाली. "माय आठला झोपती."

तिनं हे रागानंही म्हटलं नाही. बसमध्ये जागा मिळाली नाही की माणूस जसं उभ्यानंच डोळे मिटतो, तसं ती म्हणाली.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. आई बाहेर आली. बाया जरा बाजूला सरकल्या. आईनं कोपऱ्यातला स्टूल ओढला, त्याच्या शेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढली, आणि दैवशालाच्या हातातली ताटली काढून स्टुलावर ठेवली.

"जा तुमी," आई म्हणाली. "ती बाई वाट बघत आसंल."

"पण आत्या, कुंकू..."

बायांच्या माना आईकडं वळल्या.

"कुंकू काय उडून चाललंय का?" आई खुर्चीत बसत म्हणाली. "जिचं तिनं लावून घ्या. म्या नुसती राखण बसते. ताटली कुणी उचलून न्यायला नको."

मग महेश्वरीवहिनी खुर्चीवरनं उतरल्या. मघाशी एकदा लावलं होतं तरी वाकून पुन्हा स्वतःच स्वतःला कुंकू लावलं. घाईत ते भुवईवर आलं.

"थांब, वाकडं लागलंय," आई म्हणाली आणि पदराच्या टोकानं तिनं ते पुसून सरळ केलं.

त्यावर तिथं कुणी काही बोललं नाही. जे बोलायचं ते घरी जाऊन बोलल्या असतील. आमच्याकडं तेवढी शिस्त आहे. पुढची बाई पुढं झाली. आम्ही निघालो.

बेंबळीच्या वाटेवर दैवशाला मागं बसून एक अक्षर बोलली नाही. एकदा फक्त "खड्डा" म्हणाली, तेही तो येऊन गेल्यावर. दोन्ही बाजूंना सोयाबीन काळं पडत चाललेलं. पोचलो तेव्हा सासरे, कोंडीराममामा, दारात खुर्चीवर डुलक्या घेत होते. आम्हाला बघून ते ताडकन उभे राहिले.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी न्हाय गेलं, दादा. लक्ष्म्या बघायला आलेय."

"लक्ष्म्याच्या दिवशी?" मामा म्हणाले.

दैवशाला आत गेली. मी उंबऱ्यात थांबलो.

भिंतीला एक फिकट जांभळी साडी लावलेली, तिचं एक टोक खिळ्यातनं सुटलेलं. तिच्यापुढं दोघी उभ्या. थोरलीचा पदर पाठीवरनं घसरून कोपरापाशी आला होता. धाकटीच्या निऱ्या एका बाजूला गोळा झाल्या होत्या आणि खालनं तिला उभी करायची लोखंडी कोठी दिसत होती. मुखवटा जरासा डावीकडं वळलेला, कुणीतरी हाक मारल्यासारखा. सासूबाई समोरच पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी लेकीकडं बघितलं, डोळे बारीक केले, पुन्हा बघितलं.

"शाले? तू गं कशी?"

"आले."

"घरी कोण हाय मग?"

"आत्या हायेत."

सासूबाईंना ते झेपलं नाही, पण त्यांनी ते बाजूला ठेवलं. "बस," म्हणाल्या. "आधी बघून सांग, नीट नेसवल्यात का? ह्या डोळ्यानं मला अंदाजच येत न्हाय."

दैवशालाचा हात खांद्यावरच्या पिनेकडं गेला. ही हालचाल मला पाठ आहे. पिन निघते, दातांत धरली जाते, आणि पाच मिनिटांत कुठल्याही कापडाची गुर्मी उतरते. हात पिनेपाशी थांबला. मग तिनं तो खाली आणून दुसऱ्या हाताबरोबर मांडीवर ठेवला.

"नीट हायेत," ती म्हणाली.

"धाकटीच्या निऱ्या?"

"सारख्या आल्यात."

"पदर खाली आलाय वाटतं थोरलीचा."

"न्हाय. पदराला काय झालंय?"

सासूबाई खूश झाल्या. गुडघा चोळत म्हणाल्या, "मग उगंच म्हणतेत लोकं, कमळीचं डोळं गेलं, कमळीचं डोळं गेलं. उद्या रामहरीला सांगते, लातूरला न्यायचं काय कारण न्हाय. पुढल्या सालीबी हितंच बसवते म्या."

दैवशालानं माझ्याकडं बघितलं. मीही तिच्याकडं बघितलं. एवढं सगळं शेवटच्या सालासाठी केलं होतं.

"व्हय," ती आईला म्हणाली. "हितंच बसव."

आणि भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, धाकटीकडं बघत बसली. सासूबाई खाण्याचं विचारत होत्या, ती नको म्हणाली. पाणी विचारलं, तेही नको म्हणाली. मी उंबऱ्यातनं खुणेनं विचारलं, निघायचं का? तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. बाहेर मामांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. मी जाऊन तिच्यावर बसलो.