टिकली टिकली का?

प्रयोगशाळेत सगळेच त्यांना मावशी म्हणत, प्रयोगशाळेच्या प्रमुख, लेकीच्या वयाच्या मॅडमसुद्धा. सव्वीस वर्षं मावशींच्या हातून प्रयोग झाले, पण एकाही शोधनिबंधावर त्यांचं नाव लागलं नव्हतं. या वेळी मॅडमनी शब्द दिला होता.

काम दिसायला सोपं. निकेलच्या चकतीवर निकेल आणि लोखंडाच्या ऑक्साइडचा काळा थर चढवायचा, ती कॉस्टिकच्या पाण्यात बुडवून वीज सोडायची. पाणी फुटतं, हायड्रोजन सुटतो. खरी गोम पुढेच: थर किती तग धरतो. त्या काळ्या गोल चकतीला मावशी टिकली म्हणत. त्यामुळे रोज सकाळी मॅडम दारातूनच विचारत, "मावशी, टिकली टिकली का?"

पाच टिकल्यांनी दोनशे तासांच्या आत मान टाकली. सहावी, थोडी जास्त तापवलेली, हजार तास उभी राहिली. मॅडमचे पाय जमिनीला लागेनात. दुसऱ्या दिवशी तपासनीस समिती येणार होती. जास्त तापवल्यानं थर टिकतो, असं मॅडम ठासून सांगणार होत्या.

दुपारी भांडं धुवायला घेतलं आणि मावशींचा हात थबकला. या सहाव्या वेळी निसटणारी नळी अडकवायला त्यांनी घरचा कपडे वाळत घालायचा चिमटा लावला होता. त्याची लोखंडी तार आत सरकून पाण्याला टेकली होती, आणि टोक झिजून सुईसारखं झालं होतं. म्हणजे हजार तास पाण्यात लोखंड उतरत होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. चिमटा खिशात टाकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता, आणि नाव छापून आलं असतं. मावशींना त्या नावाची फार हौस होती, खोटं कशाला बोला. पण आजवर त्यांच्या वहीत एक आकडा खोटा पडला नव्हता.

त्यांनी चिमटा मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी चिमटा उचलून झिजलेलं टोक निरखलं. "हे उद्या सांगितलं असतंत तर?"

"तर चारचौघांत तुमची फजिती झाली असती. म्हणून आजच सांगितलं."

मॅडमना हसू आवरेना. मग मात्र त्या गंभीर झाल्या. "थरातलं लोखंड झिजून जातं. पाण्यातलं येऊन त्याची जागा भरत असेल तर?"

"मग दोन भांडी लावू," मावशी म्हणाल्या. "दोन्ही टिकल्या सहावीइतक्याच तापवलेल्या. एकात नुसतं कॉस्टिकचं पाणी, दुसऱ्यात त्याच पाण्यात मोजून लोखंड. चिमटा कुठेच नाही."

समितीला मॅडमनी खरं ते सांगितलं आणि मुदत मागून घेतली. नुसत्या पाण्यातली टिकली एकशे नव्वद तासांत गेली. दुसरीनं हजार ओलांडले, बाराशे ओलांडले. शोधनिबंधावर मावशींचं नाव दुसरं लागलं आणि चिमट्याची हकीकत जशीच्या तशी छापली गेली. तसं मावशींनीच बजावलं होतं.

समिती पुन्हा आली, तेव्हा मॅडमनी सगळ्यांसमोर नेहमीच्याच सुरात विचारलं, "मावशी, टिकली टिकली का?"

मावशींनी वही पुढे सरकवली. मान ताठ होती.

"टिकली. आणि का टिकली, तेही आता माहीत आहे."