नववी आणि दहावीच्या मधले पार्टिशन

मित्रांनो, मी एक जुने लाकडी पार्टिशन आहे. भिंत होण्याइतके मी जाड नव्हते आणि दार होण्याइतकी मला मोकळीक नव्हती. एका माध्यमिक शाळेच्या लांबलचक खोलीत, नववी आणि दहावीच्या मधोमध, माझे सगळे आयुष्य गेले. ती शाळा आता बंद आहे. मी अजून उभे आहे, कारण बसायचे कसे हे मला कोणी शिकवलेले नाही.

मला एका सुतारमामांनी घडवले. शाळेकडे मोठी खोली एकच होती आणि वर्ग होते दोन. मधे भिंत घातली असती तर सभेला जागा उरली नसती. म्हणून मामांनी उंच फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडल्या, खाली चाके बसवली आणि कडेच्या फळीत माणूस वाकून जाईल एवढे एक छोटे दार ठेवले. मला पहिल्यांदा ओढून लावले तेव्हा हेडसर म्हणाले, "वा! अगदी भिंतच झाली की!"

मामा म्हणाले, "दिसायला भिंत आहे, सर. ऐकू मात्र सगळं जाणार."

मामांचे खरे झाले. माझ्या एका अंगाला इतिहास चाले आणि दुसऱ्या अंगाला भूमिती. त्यामुळे माझे शिक्षण जरा सरमिसळ झाले. बरीच वर्षे माझी अशी समजूत होती की एका राजाने शेजारच्या राज्यावर स्वारी केली, कारण समोरासमोरचे कोन समान होते. खरी कारणे मी नंतर ऐकली. मला अजूनही कोनांचेच कारण जास्त पटते.

इतिहासाच्या सरांचा आवाज लढाई आली की चढत असे. मग गणिताच्या बाई पलीकडून माझ्या अंगावर डस्टर आपटत. "सर, जरा हळू लढा! इकडे प्रमेय चाललंय!"

"बाई, किल्ला पडायला आलाय. दोनच मिनिटं!"

दोन्ही वर्ग खो खो हसत. डस्टरचा तो मार खाऊन माझ्या अंगाला खळगा पडला. पण मी कधी तक्रार केली नाही. सभेच्या दिवशी माझी घडी करून मला भिंतीशी उभे करत, खोली दारापर्यंत भरून जाई आणि पाहुणे म्हणत, "काय सोय आहे हो!" फर्निचरच्या आयुष्यात याहून मोठा मान नसतो.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या शाळा निघाल्या. त्यांच्या बसगाड्या आमच्या फाटकावरून मुले गोळा करत जाऊ लागल्या. आमची बाके मागून पुढे रिकामी होत आली. हेडसरांमागोमाग बाईही निवृत्त झाल्या आणि इतिहासाचे सर एकटेच सगळे विषय शिकवू लागले. मुले इतकी कमी झाली की दोन्ही वर्ग एकत्र बसू लागले. मित्रांनो, पूर्वी माझी घडी झाली की समारंभ असायचा. आता माझी घडी झाली ती माणसे उरली नाहीत म्हणून. कोपऱ्यात उभ्या उभ्या माझ्यावर दप्तरे लटकू लागली.

शेवटच्या वर्षी नववीत कोणी आलेच नाही. दारावर 'नववी' अशी पाटी तेवढी राहिली. तिची हजेरी मात्र रोजची होती.

त्याच वर्षी कळले की एक साहेब शाळा बघायला येणार आहेत. दोन्ही वर्ग भरत असतील तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून शाळेला कुलूप. दहावीची मुले दूरच्या शाळेत जाणार.

बाकीच्यांना त्याचे फारसे काही नव्हते. प्रश्न होता ठसकाचा. या मुलीला कोणी काही विचारले की पहिल्यांदा ठसका लागे, मग उत्तर येई. म्हणून वर्गाने तिचे हे नाव ठेवले होते. तिच्या वडिलांचे शिलाईचे दुकान होते. एक दिवस माझ्या फळीला टेकून ती मैत्रिणीला म्हणाली, "बाबा म्हणतात, ही शाळा आहे तोवर शीक. लांब पाठवणार नाही. कुलूप लागलं की तू आणि मशीन."

मैत्रिणीने वर्गाला सांगितले आणि वर्गाने डोके लढवले. अर्धी मुले इकडे, अर्धी तिकडे बसवावीत, तर ती इतकी थोडी होती की दोन्ही वर्ग नापास झाले असते. म्हणून असे ठरले की आधी सगळ्यांनी दहावीत बसायचे. साहेब व्हरांड्यातून वळसा घालून नववीच्या दाराशी येईपर्यंत सगळ्यांनी माझ्या छोट्या दारातून पलीकडे जायचे आणि नववी व्हायचे.

"म्हणजे मी साहेबांशी खोटं बोलायचं?" सर म्हणाले.

"बोलायचं काहीच नाही, सर. फक्त सावकाश चालायचं."

सरांनी वाकून गुडघा चोळला. "गुडघे दुखतात माझे," ते म्हणाले. "हे मात्र खरं आहे."

माझी चाके गंजली होती. ठसकाने दुकानातून शिलाई मशीनचे तेल आणले आणि चाकांत, बिजागऱ्यांत मुरवले. वर्गाने मला ढकलत ढकलत पुन्हा खोलीच्या मधोमध आणले. इतक्या वर्षांनी माझ्यावाचून कोणाचे तरी अडले होते.

साहेब आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. दहावीत त्यांनी पहिल्या बाकाकडे बघून विचारले, "पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याला काय म्हणतात?" पहिल्या बाकावर ठसका होती. ठसका लागला. मग 'परिवलन' असे उत्तर आले. साहेबांनी मान हलवली आणि ते सरांच्या गुडघ्यांच्या वेगाने व्हरांड्यात गेले.

माझे दार उघडले. मुले एकामागून एक वाकून पलीकडे गेली. मुलींनी वेण्या उलगडून केस बांधले. एका चष्मेवाल्याने ओळखू येऊ नये म्हणून आपला चष्मा शेजाऱ्याला दिला. त्यामुळे आता दोघांनाही दिसेना. या सगळ्यात ठसका पुन्हा पहिल्याच बाकावर बसली आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही. मी श्वास रोखून धरला. मला श्वास नाही, तरीही धरला.

साहेबांनी नववीकडे बघितले आणि तोच प्रश्न विचारला. ठसका लागला.

साहेब माझ्यापाशी आले, छोटे दार ढकलून वाकले आणि दहावीची रिकामी बाके बघत राहिले. मग वळून ठसकाला म्हणाले, "तू कोणत्या वर्गात आहेस, बाळ?"

ती उभी राहिली. या खेपेला ठसका लागला नाही. "दहावीत. शाळा बंद झाली तर हे सगळे दुसऱ्या शाळेत जातील, साहेब. मी घरी जाईन."

साहेबांनी माझे दार हळूच ओढून घेतले, आत कोणी अभ्यास करत असावे तसे.

"दहावी फार शिस्तीची आहे, सर," ते म्हणाले. "आवाजसुद्धा नाही. परीक्षा होईपर्यंत त्यांना हलवू नये, असं मी कळवतो. त्यापुढचं माझ्या हातात नाही."

त्यापुढचे कोणाच्याच हातात नव्हते. परीक्षा झाली आणि फाटकाला कुलूप लागले. सर आपल्या मुलीकडे राहायला गेले. माझ्या खालच्या फळ्यांना वाळवी लागली. ती मन लावून काम करते. इतकी मेहनती मंडळी आमच्या खोलीत बऱ्याच वर्षांनी आली.

आणि एका दुपारी खिडकीच्या फटीशी कोणीतरी तोंड आणले.

"पास झाले," ठसका म्हणाली. आत अंधार होता आणि ऐकायला मी एकटेच. "गणितात चांगले पडलेत. इतिहासात कमी आहेत, ते सरांना सांगू नका. बाबा म्हणतायत, पुढं शीक." मग ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मोठ्या माणसांना सांगून झाल्यावर आपण उभे राहतो, तशी.

मित्रांनो, शाळेची काळजी ती भरत असतानाच घ्या. तिच्या दाराखिडक्यांना, बाकांना आणि आमच्यासारख्यांनाही जपा. पण तुमच्या वाटेवर एखादी बंद शाळा असलीच, तर खिडकीपाशी थांबा. बंद शाळेला निकाल कोणी कळवत नाही. तुमचे पुढे काय झाले ते सांगून जा. लाजू नका, मोठ्याने सांगा. आत जागा भरपूर आहे.